किशोरचा डोंगर

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर, वडापावच्या गाडीला खेटून, किशोर उतेकरचं झेरॉक्सचं दुकान. आत एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर, लॅमिनेशनचं मशीन आणि एक बाक. त्या बाकावर सकाळी दहापासून अरविंदभाऊ. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला माणूस. पण एसटी काही अंगातून उतरली नाही. दुकानात तीन माणसं जमली की यांचं सुरू, "पुढं सरका, पुढं सरका, मधी रिकामं हाय!" गिऱ्हाइकाचं काम उरकलं की बाकावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक. डबल बेल. चला.

किशोर त्याच्या अगदी उलट. समोरच्याने दहा वाक्यं बोलावीत तेव्हा याच्याकडून एक "हं" निघायचा. वीस वर्षं त्याने दादरला एका आर्किटेक्टकडे नकाशे काढण्यात घालवली होती. सुरुवातीला कॉम्प्युटर नव्हताच. खाटेएवढं टेबल, त्यावर खाटेएवढा कागद. मागे सरकून उभं राहिलं की अख्खी सोसायटी दिसायची आणि वाकलं की संडासाच्या दाराची कडी. किशोरला माणूस म्हणून जे काही कळलं ते त्या टेबलावर कळलं. पुढे ऑफिस बंद झालं, वडील आजारी पडले, आणि तो गावी येऊन झेरॉक्स काढायला लागला.

झेरॉक्स ठीक होतं. त्याचा जीव जायचा तो फोल्डरात. फोल्डर उघडला की आत फोल्डर, तो उघडला की 'न्यू फोल्डर', त्यात 'न्यू फोल्डर दोन', त्यात 'फायनल', त्यात 'फायनल फायनल'. कांदा सोलावा तसं. सोलून सोलून डोळ्यांत पाणी, आणि आत काहीच नाही.

त्यातून गिऱ्हाईक असलं.

"काकी, मागच्या वेळी दाखला स्कॅन केला होता ना, त्याला नाव काय दिलं होतं?"

"नाव? माजा?"

"तुमचं नाही. फाइलचं."

"फाइलला कशाला नाव रे बाबा? तिचा काय बारसा केलाय?"

नावं कुणालाच आठवायची नाहीत. पण एक गोष्ट वाडीवरच्या आंधळ्या म्हातारीलाही आठवायची: आपलं घर कुठं आहे. वहाळावरून वर, फणसाच्या खालच्या अंगाला, महादूच्या गोठ्याला लागून. यात चूक व्हायची नाही.

तेव्हा किशोरने फोल्डर सोडून दिले आणि एक कागद केला. एकच, यादी नाही, खण नाही, कपाट नाही. पडद्यावर मावणार नाही एवढा एकच कागद. चित्रं काढायचा एक प्रोग्रॅम त्याला मिळाला होता, त्यात माऊसचं चाक फिरवलं की माणूस कागदाच्या आत आत जातो आणि उलटं फिरवलं की बाहेर येतो. कागदाच्या वरच्या टोकाला महाबळेश्वरचा कडा, खालच्या टोकाला बाणकोटची खाडी. आपल्याकडे वर म्हणजे डोंगर आणि खाली म्हणजे नदी. उत्तर दिशा कुणाच्या बापाने पाहिलीय. मधून सावित्रीची निळी रेघ. तिच्या काठाने पोलादपूर, खाली महाड, त्याच्याही खाली तुडील. डाव्या हाताला वर शिवथरचं खोरं. लांबून बघावं तर नदी आणि मोहरीएवढे ठिपके. चाक फिरवलं की ठिपका फुगून गाव व्हायचं, गावाच्या वाड्या व्हायच्या, वाडीत घरं. अजून आत शिरलं की घराच्या भिंतीला टांगल्यासारखे त्या घराचे कागद: रेशनकार्ड, सातबारा, दाखला, फोटो.

लोकांना ते इतकं आवडलं की झेरॉक्स नको असली तरी येऊन बसायचे. नाव पडलं 'किशोरचा डोंगर'. माऊस किशोरच्या हातात, पण गाडी हाकायचं गिऱ्हाईक.

"वर घे. अजून वर. आरं, देवळाकडं कुठं चाललास? डाव्या हाताला. हां. उतर, उतर आता. हा आला आमचा उंबरा!"

लग्न होऊन आलेल्या बाईचा शाळेचा दाखला हवा असला की किशोर म्हणायचा, "तो तुमच्या माहेरात ठेवलाय." मग सासरच्या घरातून बाहेर, डोंगर उतरून, नदी ओलांडून पडद्यावरच माहेराला जायचं. बायका पदरात तोंड घालून हसायच्या आणि अरविंदभाऊ टकटक करायचे.

कधी कुणी उत्साहाने स्वतःच माऊस ओढायचा. असं करता करता एकदा तुडीलच्या एका गृहस्थाचा सातबारा घसरत घसरत बाणकोटच्या खाडीत जाऊन पडला. तीन दिवस सापडेना. "माजी जमीन बुडवलीस की रे!" म्हणून त्या गृहस्थाने स्टँडवर गर्दी जमवली. त्यानंतर किशोरने एक केलं. त्या प्रोग्रॅममध्ये वस्तूला कुलूप लावता यायचं. कुलूप लावलं की ती कुणाच्या धक्क्याने जागची हलत नाही. त्याने सगळ्या गावांतल्या सगळ्या कागदांना एकूण एक कुलूप लावलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

सहा वर्षांपूर्वी आषाढातल्या एका दुपारी आंबेदऱ्याच्या वरचा डोंगर खाली आला. आंबेदरा म्हणजे सतरा घरांची वाडी, पोलादपूरहून वर दीड तासाची चढण. अकरा घरांतलं कुणीही उरलं नाही. भिकू आणि चांगू हे दोघे भाऊ एकाच छपराखाली गेले. भिकूची बायको राहीबाई समोरच्या उतारावर शेळ्या घेऊन गेली होती. तिने ते सगळं तिथून पाहिलं. चांगूची बायको ठकूबाई तुडीलला, भाच्याच्या मुलीच्या बारशाला. दोघी जावा वाचल्या आणि रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडींत शेजारी शेजारी राहू लागल्या.

महिन्याभराने राहीबाई नव्या रेशनकार्डाच्या कामाला दुकानात आली. किशोरच्या हाताला सवय. त्याने चाक फिरवलं आणि पडद्यावर आंबेदरा उभा राहिला. सतराच्या सतरा घरं, देऊळ, फणस.

राहीबाई आधी हसलीच. "हाय की रे सगळा," ती म्हणाली. "हा बघ, हाय की." मग तिने पडद्यावर तळहात आपटायला सुरुवात केली. "काढ! काढ ते तिथनं! कुणी नाय तिथं, काढ!"

किशोरने घाईघाईने सगळ्या घरांभोवती माऊसने चौकोन ओढला, देवळाफणसासकट घरं धरली आणि खाली रस्त्याकडेला शेडींच्या जागी आणून ठेवली. वर उरलेल्या उतारावर त्याने मातीच्या रंगाचा एक जाड पट्टा ओढला. त्या दिवशी अरविंदभाऊंनी बेल दिली नाही.

नंतर सरकारी शिबिरात वाचलेल्यांना नवी कार्डं, नवे दाखले मिळाले. आंबेदऱ्याचा जुना कागद कुणाला लागला नाही, आणि किशोरनेही त्या पट्ट्याकडे परत कधी पाहिलं नाही. चाक फिरवताना वाटेत तो आला की तो नजर बाजूला न्यायचा, ओळखीचं कुणी रस्त्यात गाठेल म्हणून नेतात तशी.

यंदा मार्गशीर्षात माळावरची नवी वसाहत पुरी झाली. जुन्या एका घराला नवं एक घर. यादी लागली, आणि तिच्यात भिकूचं घर होतं, चांगूचं नव्हतं.

ठकूबाई मंगळवारी दुकानात आली. उन्हाने करपलेली, काटकुळी बाई. आल्या आल्या बाकावर बसायच्या आधी बाक पदराने पुसायची. तिच्या हातात यादीची झेरॉक्स.

"किशोर, घर एक नवता रे. दोन होती. डोंगर पडला त्याच सालच्या चैतात वाटण्या झाल्या, मधी भिंत घातली, चूल वेगळी झाली. घराचा वेगळा उतारा काढला होता पंचायतीत. तुज्याकडंच आणलेला, गॅसच्या टायमाला."

"पंचायतीत विचारलं?"

"पंचायतीची चोपडी त्याच पावसात भिजून लगदा झाली म्हंतात. मग आदल्या सालच्या यादीवरनं नवी उतरवली. आदल्या साली भिंत कुठं होती? मीटर पण दोघांत एकच. माजा उतारा पेटीत, पेटी घरात, घर..." तिने हात हवेत वळवला. "कचेरीतला साहेब म्हणाला, झेरॉक्स असली तरी चालंल. शुक्रवारी पाचाच्या आत."

"राहीकाकी सांगणार नाहीत का? दोन घरं होती म्हणून?"

ठकूबाई ओठ मुडपून हसली. "ती म्हंते, मी तोंड उघडलं आन् साहेबानं माजंच घर कापून अर्धं तुला दिलं तर? भिंत घालायच्या आधी तीस वरसं एका ताटात जेवलो रे आमी, आन् आता तिला भिंतच आठवत नाय."

"काकी," किशोर त्या दिवशी जरा जास्तच बोलला, "कागद कुठं जातोय? डोंगरावर आहे. ही बघा तुमची शेड." त्याने चाक फिरवलं. रस्ता मोठा झाला, शेडींची रांग आली, त्यात आंबेदऱ्याहून आणलेलं चांगूचं घर. आत शिरला. चार भिंती. आत पांढरं.

अजून आत. पांढरं.

शेजारच्या भिकूच्या घरात गेला. पांढरं. महादूच्या घरात, देवळामागच्या घरांत, सतराही घरांत, पांढरं.

मग किशोरला कुलूप आठवलं. घरं हलली होती. कुलूप लावलेले कागद हलले नव्हते. सहा वर्षं ते जिथल्या तिथे होते, आणि वरून माती त्याने स्वतः ओढली होती.

"सापडला?" ठकूबाई म्हणाली.

"मशीन तापलंय," किशोर म्हणाला. "उद्या या."

ती गेल्यावर त्याने पट्टा उचलला. खाली उतार, फिकट हिरवा, पाटी पुसल्यासारखा. घराच्या भिंतीला टांगलेला कागद म्हणजे डोंगराच्या मानाने राईच्या दाण्याचाही शंभरावा भाग. घराची खूण असली तर आत शिरायचं कुठून ते कळतं. खूणच उचलल्यावर काय? घरं परत वर न्यावीत तर नेमकी कुठे, ते आता कुठेच नोंदलेलं नव्हतं. त्याने एक जागा धरून चाक फिरवलं. हिरवं गेलं, पांढरं आलं. अजून फिरवलं. पांढरं. आता तो आत होता की बाहेर, वर होता की खाली, हे सांगणारं पडद्यावर काही उरलं नव्हतं. बाहेर येऊन बोटभर बाजूला परत शिरला. पांढरं. दुपारभर तो हेच करत राहिला.

ठकूबाईचा मुलगा अक्षय मुंबईहून फोनवर. तिकडे तो कुठल्या तरी टॉवरच्या गेटवर सिक्युरिटीत होता आणि बोलायला लागला की टॉवरच बोलतोय असं वाटायचं.

"काका, टेन्शन नहीं लेनेका. सिंपल हाय ना. सर्च मारो."

"ते कागदांचे फोटो आहेत, अक्षय. फोटोंना नावं नाहीत."

"फिर एआयला बोलो ना, वो सब रीड करता है. अपने इधर गाडीची नंबरप्लेट पण रीड करता है."

"आधी कागद तर दिसू दे."

"काका," टॉवर एकदम गप्प झाला आणि आंबेदऱ्याचा पोरगा बोलला, "आई त्या शेडीत अजून एक पावसाळा नाय काढायची हो. पत्रा गळतो. खोकते ती."

अरविंदभाऊ बाकावरून हे सगळं बघत होते. पडद्यावरचं पांढरं बघून म्हणाले, "किश्या, आंबेनळी घाटात असा धुका पडायचा बघ. डायवर गाडी थांबवायचा. मग मी खाली उतरून चालायचो पुढं, गाडीच्या तोंडाशी. मला दिसायचं म्हणून नाय. पायाला रस्ता ठाऊक होता म्हणून." थोडं थांबून म्हणाले, "तुला हितं चालणारा माणूस पायजे. आन् तो कोण ते तुला म्हाईत हाय. मशीन तापलंय म्हणे."

बुधवारी ठकूबाई आली, बाक पुसला, बसली. किशोरने सांगितलं. सांगताना तो पडद्याकडेच बघत होता.

"घरं खाली आणली तेव्हा कागद वरच राहिले, काकी."

"वर म्हंजे?"

"वाडीत. मी माती टाकली होती ना. तिच्याखाली."

"म्हंजे डोंगरानं केला तसाच तू पण केलास," ठकूबाई म्हणाली.

मग आधी तुडील बघून झालं, चुकून माहेरात ठेवला असेल म्हणून. तुडीलात तिच्या भावाच्या घरी तिचं काहीच नव्हतं. "शाळेत गेले नाय तर दाखला कुठला असंल?" ती म्हणाली. "चल वर."

वाडीशेजारच्या ओढ्याची, वहाळाची रेघ किशोरने कधीकाळी काढलेली, ती जागेवर होती. उतारावरची ओळखीची तेवढी एकच गोष्ट. ठकूबाईने तिच्यावर बोट ठेवलं.

"हितनं ये वर. हितं वाकतो बघ, हितं आमचं पाणी भरायचं. आता हंडा डोक्यावर हाय, तर सावकाश. डाव्या हाताला. थांब, हितं दगड हाय, वळसा घाल."

"काकी, इथं दगड काढलेला नाही मी."

"तू नाय काढलास. हाय तो."

किशोरने वळसा घातला.

"आता चड. चड. बास. हितं महादूची पडवी. शिर आत."

किशोर शिरला. पांढरं, पांढरं, पांढरं, आणि त्या पांढऱ्यात एक ठिपका. ठिपका वाढला, चौकोनी झाला, पिवळसर झाला. रेशनकार्ड. महादू सकपाळ, बायको, तीन मुलं.

"म्हटलं ना," ठकूबाई म्हणाली. त्या पाचांतलं कुणी उरलं नव्हतं.

दिवस गेला. पावलापावलाने ती त्याला वर नेत होती. कुठे चुकत होती, परत पाणवठ्यावर येऊन सुरू करत होती. एकेक घर पांढऱ्यातून निघत होतं. कुणाचा दहावीचा निकाल, कुणाचं बाळंतपणाचं कार्ड. एका घरात लग्नाची पत्रिका. लग्न दिवाळीनंतर होतं. कागद मोठा व्हायच्या आधीच ती सांगायची कुणाचा, आणि तो त्याचाच निघायचा. झेरॉक्सला आलेली माणसं दाराशी थांबून बघत राहायची. एकाने फोन काढून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली, तेव्हा अरविंदभाऊ उठले आणि त्यांनी त्याला दंडाला धरून फूटपाथवर उतरवलं.

गुरुवारी दुपारी ती म्हणाली, "फणस. आता उजवा हात. ही भिकूभावजींची पडवी, आन् ही भिंत." पडद्यावर भिंत नव्हती. "भिंतीच्या ह्या अंगाला शिर."

भिकूचे कागद दिसले, मोठे, स्वच्छ. त्यांच्या बाजूला, अर्ध्याहून लहान, एक झुबका. किशोरला आठवलं: वाटणी झाली तेव्हा त्याने अर्धं घर काढलं होतं, आणि अर्ध्या घरात बसावेत म्हणून चांगूचे कागद लहान, अगदी लहान केले होते.

"सापडला," अरविंदभाऊ म्हणाले आणि त्यांचं बोट बाकावर गेलं.

किशोरने चाक फिरवलं. अक्षयचा निकाल. गॅसचा अर्ज. चांगूचा फोटो, आधारसाठी काढलेला, कॉलरचं बटण लावलेला. आणि त्याच्या खाली उतारा. वर मथळा, मधे रकाने, कोपऱ्यात जांभळा शिक्का. ठकूबाईला वाचता येत नव्हतं, पण तिने टाळी वाजवली. "हाच! हाच तो! तो बघ शिक्का!"

किशोरने अजून आत नेलं, नंबर वाचायला. शिक्का मोठा झाला आणि जांभळे चौकोन झाले. अक्षरं मोठी झाली आणि करडे चौकोन झाले. अजून आत. चौकोन मोठे झाले. अजून आत. एकच करडा चौकोन पडदाभर.

त्याने हात मागे घेतला. अरविंदभाऊंचं बोट तसंच बाकावर राहिलं.

काही वर्षांपूर्वी डोंगर फार जड झाला होता, उघडायला दहा मिनिटं लागायची. एक दिवस प्रोग्रॅमने विचारलं होतं, कागद हलका करू का? किशोरने हो म्हटलं होतं. जे मोठं मांडलेलं, ते प्रोग्रॅमने जसंच्या तसं ठेवलं. जे लहान मांडलेलं, ते लहानाला पुरेल एवढंच ठेवून बाकीचं टाकून दिलं.

"का थांबलास?" ठकूबाई म्हणाली. "दे ना काढून."

त्याने प्रिंट काढून दिली. दुसरं काय करणार.

शुक्रवारी तो तिच्याबरोबर कचेरीत गेला. दुकान अरविंदभाऊंवर टाकून. खिडकीमागचा कारकून तरुण, सभ्य, पुस्तकी बोलणारा. त्याने प्रिंट जवळ धरली, लांब धरली, चष्मा काढून बघितली.

"आजी, यात काय लिहिलं आहे ते दिसत नाहीये."

"दिसतंय की. हा शिक्का. हितं यांचं नाव. हितं घर नंबर."

"कोणता नंबर?"

"तो हितं लिवलाय तो."

"आजी, मला तीन गोष्टी वाचता आल्या पाहिजेत. नाव, क्रमांक आणि तारीख. एवढं वाचता आलं असतं तर पुढचं मी बघितलं असतं, खरंच. पण हे मी फाइलला कसं लावू?" मग किशोरकडे वळून, "मूळ फाइल आहे ना तुमच्याकडे? जरा झूम करून काढा ना. मोठी."

क्षणभर किशोरच्या मनात आलं की परत जावं आणि स्वच्छ कागदावर स्वच्छ अक्षरांत एक उतारा स्वतःच काढावा. रकाने आखायला त्याच्याइतका हात कुणाचा होता? पण नंबर कुठला घालणार? तो एका करड्या चौकोनात गेला होता.

"ह्या किशोरला विचारा ना साहेब," ठकूबाई म्हणाली. "ह्यानं बघितलाय डोंगर. मी रस्ता दाखवला. एक घर चुकलं नाय माजं. विचारा. सगळी घरं निघाली. मग माजंच कसं नव्हतं?"

कारकुनाने मान खाली घातली. "मी अर्ज घेतो तुमचा," तो म्हणाला. "पुराव्याच्या रकान्यात 'नाही' लिहावं लागेल."

पौषात माळावर नारळ फुटले आणि किल्ल्या वाटल्या. राहीबाईने पेढे आणले, ठकूबाईच्या शेडीच्या दारात उभी राहिली, म्हणाली, "ये गो पावसाळ्यात माज्याकडं, मी काय नाय म्हंते?" आणि पेढे उंबऱ्यावर ठेवून गेली. वैशाखापर्यंत शेडींची रांग एका शेडीवर आली.

किशोरने डोंगर बंद केला. कुणी विचारलं की म्हणतो, "बिघडलंय." आता तो फोल्डर करतो. गाव, वाडी, आडनाव, नाव, वर्ष; प्रत्येक फाइलला पाच पाच नावं. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून तो ती नावं वहीत लिहितो, आणि उद्या वही हरवली तर, म्हणून वहीची झेरॉक्स काढतो.

एकच गिऱ्हाईक आहे जिच्यासाठी तो डोंगर उघडतो. बाजाराच्या दिवशी ठकूबाई येते, खोकत. बाक पुसते. "चल वर," म्हणते. पाणवठा, दगडाला वळसा, महादूची पडवी. आता ती बोलत नाही, त्याला रस्ता पाठ झालाय. फणस, भिंत, भिंतीच्या या अंगाला. पांढऱ्यातून ठिपका निघतो, ठिपक्याचा चौकोन होतो, चौकोनात कॉलरचं बटण लावलेला माणूस होतो.

"बास," ती म्हणते. "अजून जवळ नको नेऊस. जवळ नेला की जातो तो."

किशोर चाकावरचं बोट उचलतो. दारात कुणीतरी आधारकार्ड हलवत उभं असतं, "ओ किशोरभाऊ, एकच झेरॉक्स हाय, एसटी जाईल माझी."

"थांबा जरा," अरविंदभाऊ म्हणतात. "गाडी उभी हाय."